चार आण्यांचं नाणं आणि रेकॉर्ड प्लेअरचा हात

आमच्या घरी रेकॉर्ड एकाच जागी अडकायला लागली, की उपाय ठरलेला होता. टेबलाच्या खणातून चार आण्यांचं नाणं काढायचं आणि प्लेअरच्या हाताच्या टोकावर, पिनच्या बरोबर वर ठेवायचं. गाणं पुढे सरकायचं आणि सगळे खूश व्हायचे. शेजारीपाजारीही हेच करायचे. तुमच्यातल्या काहींच्या घरीही केलं असेल.

ते नाणं साधारण अडीच ग्रॅमचं होतं. आमच्या पेटीवजा प्लेअरची पिन आधीच पाच-सहा ग्रॅमच्या भाराने रेकॉर्डवर दाबत होती. आजची चांगली सुई दोन ग्रॅमच्या आसपास भार मागते. म्हणजे आम्ही चौपट भार टाकून रेकॉर्ड खरवडत होतो आणि त्याला दुरुस्ती म्हणत होतो.

आईची माणिक वर्मांची एक एलपी त्यात गेली. पूर्ण नाही, दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं तेवढं गेलं. आवाज फाटायला लागला, मग नुसती खरखर. आई कुणाला काही बोलली नाही. फक्त ते गाणं लागायच्या आधी ती हातातलं काम ठेवून उठायची आणि पिन उचलून ठेवायची. हे मला फार वर्षांनी उमगलं.

आज हा विषय काढायचं कारण असं, की माळ्यावरच्या रेकॉर्ड पुन्हा खाली यायला लागल्या आहेत. कुणी आजोबांचा प्लेअर दुरुस्त करून घेतं, कुणी नवा घेतं आणि थोड्याच दिवसांत प्रश्न येतो: ‘हाताशी वीस-पंचवीस हजार आहेत. नवा टर्नटेबल घेऊ, की आहे त्याचाच टोनआर्म बदलू?’ टोनआर्म म्हणजे ज्याच्या टोकाला सुई असते तो हात. माझं उत्तर बहुतेक वेळा असं असतं: आत्ता लगेच यातलं काहीच करू नका. आधी सुईकडे बघा. का ते सांगते.

सुई किती चालते?

एलपीच्या एका बाजूला एकच खाच असते, बाहेरून आत गोल गोल जाणारी. वीस मिनिटांची बाजू असेल तर ती खाच सरळ केल्यावर ४०० मीटरहून लांब भरते. एवढी वाट सुई एका बाजूसाठी चालते, तीही खाचेच्या दोन्ही भिंतींना घासत.

आता यातली गोम बघा. रेकॉर्डचा फिरण्याचा वेग कायम असतो, मिनिटाला ३३ १/३ फेऱ्या. पण बाहेरचं वर्तुळ मोठं आणि आतलं लहान. त्यामुळे सुरुवातीला सुईखालून सेकंदाला जवळजवळ ५० सेंटिमीटर खाच सरकते, तर शेवटच्या गाण्याला जेमतेम २०-२२ सेंटिमीटर. तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. म्हणून सुई झिजलेली असो, वाकडी बसलेली असो किंवा भार चुकलेला असो, पहिला फटका शेवटच्या गाण्याला बसतो. आईचं शेवटचंच गाणं का गेलं, त्याचं उत्तर हे आहे.

आणि ही झीज परत भरून येत नाही. अॅम्प्लिफायर वाईट असेल तर गाणं वाईट ऐकू येतं, एवढंच. उद्या चांगला आणला की झालं. सुई वाईट असेल तर रेकॉर्डच जाते. म्हणून सुधारणा करायची ती सुईपासून मागे, या क्रमाने.

पहिला टप्पा: जवळजवळ फुकटचा

टर्नटेबल पातळीत आहे का ते बघा. फोनमध्ये पातळी दाखवणारं अॅप असतं. प्लेअर बंद ठेवून फोन थाळीवर ठेवा आणि पायांखाली पातळ पुठ्ठा सरकवत पातळी साधा. स्पीकर ज्या टेबलावर आहेत त्याच टेबलावर टर्नटेबल नको, कारण स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोचते आणि तीही आवाजात मिसळते.

वेग मोजा. थाळीच्या कडेला कागदाचा छोटा तुकडा चिकटवा आणि रेकॉर्ड वाजत असताना तीन मिनिटं फेऱ्या मोजा. बरोबर १०० व्हायला हव्यात. ९८ किंवा १०३ आल्या तर मोटरचा पट्टा सैल झालेला असू शकतो. पट्टा ही तुलनेने स्वस्त वस्तू आहे. काही टर्नटेबलना वेग जुळवायचा स्क्रू असतो, तोही बघा.

मग भार. सोनाराच्या काट्यासारखे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारे छोटे डिजिटल काटे खास सुईसाठी मिळतात. काही शे रुपयांची ही वस्तू मी सगळ्यांत आधी घ्यायला सांगेन. टोनआर्मच्या मागे फिरवायचं वजन असतं. ते फिरवून हात हवेत आडवा तरंगेल असा तोलून घ्या, मग तुमच्या सुईच्या माहितीपत्रकात सांगितलेला भार द्या आणि काट्यावर पडताळा. ऑर्टोफॉन टूएम रेडला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम, असं प्रत्येकाचं ठरलेलं असतं. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, हा मात्र गैरसमज. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना टवके पाडते. सांगितलेला भार तोच योग्य.

हात थोडा आतल्या बाजूला ओढला जातो, तो ओढा सावरायला बाजूला अँटिस्केटचं बटण असतं. त्यावर भाराइतकाच आकडा ठेवून सुरुवात करा.

शेवटी सुईचा कोन. रेकॉर्ड तयार करताना कोरणारी सुई सरळ रेषेत आत जाते. आपला हात मात्र एका खुंटीभोवती कमानीत फिरतो. त्यामुळे सुई खाचेला तंतोतंत समांतर अशी फक्त दोनच ठिकाणी येते. नेहमीच्या एका मांडणीत ही ठिकाणं मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर असतात. ही जुळवणी करण्यासाठी प्रोट्रॅक्टर नावाचा कागदी तक्ता मिळतो, घरी छापताही येतो. छापल्यावर पट्टीने मोजून घ्या, कारण प्रिंटर कधी कधी कागदाच्या मापाने चित्र आक्रसतो आणि मग सगळीच जुळवणी चुकते. पहिल्या वेळी यात तास-दीड तास जाईल. जाऊ द्या. शेवटच्या गाण्यातला ‘स’ आणि ‘श’ चिरका येणं थांबलं, की तो तास वसूल.

दुसरा टप्पा: सुई आणि कार्ट्रिज

तुमची सुई किती जुनी आहे, हे माहीत नसेल तर ती झिजलेली आहे असंच धरा. ऑडिओ-टेक्निकाच्या सांगण्यानुसार लंबगोल टोकाच्या सुईचं आयुष्य ३०० तासांच्या आसपास असतं. एका एलपीला ४० मिनिटं धरली तर ४५० एलपी झाल्या. रोज एक लावणाऱ्या घरात सव्वा वर्ष.

सुई ज्या ठोकळ्यात बसते तो ठोकळा म्हणजे कार्ट्रिज. कमी पैशांत पुढे जायचं तर असं कार्ट्रिज घ्या ज्याची फक्त सुई बदलून दर्जा वाढवता येतो. व्हीएम९५ मालिकेत ठोकळा तोच राहतो. साधी गोल टोकाची सुई, लंबगोल, मायक्रोलिनियर, शिबाटा यातली कुठलीही त्यातच बसते. टूएम रेडच्या ठोकळ्यातही वरच्या दर्जाची टूएम ब्लूची सुई बसते. म्हणजे आज मधली सुई घ्या, दोन वर्षांनी ती झिजेल तेव्हा वरची. पहिले पैसे वाया जात नाहीत.

घरात लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड असतील तर एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई त्यात तळाशी आपटत जाते, आवाजही वाईट आणि सुईचंही नुकसान. त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते. व्हीएम९५च्या ठोकळ्यात तीही बसते. आणि लाखेच्या रेकॉर्ड कधीही स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेल्या द्रवाने पुसू नका, लाख त्यात विरघळते.

तिसरा टप्पा: फोनो

काही जण नवं कार्ट्रिज बसवतात आणि म्हणतात, आवाज बारीक आला, खर्ज गायब आहे. दोष बहुतेक वेळा जोडणीचा असतो. खर्जाचे हेलकावे मोठे असतात. ते तसेच कोरले तर खाच रुंद होऊन बाजूला जेमतेम काही मिनिटं मावतील. म्हणून रेकॉर्ड कोरताना खर्ज दाबतात आणि तार स्वर वाढवतात. वाजवताना नेमकं उलट करावं लागतं. या उलटसुलट करण्याचं एकच प्रमाण १९५४ च्या सुमारास ठरलं, ते आजही चालतं. हे काम फोनो प्रीअॅम्प करतो. कार्ट्रिजमधून येणारा संकेत व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतका असतो, तोही हाच मोठा करतो.

जुन्या अॅम्प्लिफायरवर ‘फोनो’ लिहिलेलं भोक असेल तर वेगळा प्रीअॅम्प नको. आजच्या अनेक टर्नटेबलमध्ये तो आतच असतो, तेव्हा दोन्ही एकदम चालू नाहीत ना ते बघा. असतील तर आवाज प्रचंड आणि फाटलेला येईल. सतत गुणगुण येत असेल तर टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार अॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला जोडली आहे का ते तपासा. त्या एका तारेपायी नवं यंत्र घेणारी माणसं मला माहीत आहेत.

आता टोनआर्मकडे

एवढं सगळं केल्यावर टोनआर्म बदलायचा प्रश्न खरा ठरतो. हाताचं काम ऐकायला सोपं वाटतं: सुई हलू दे, पण आपण हलू नको. त्यासाठी सांधे घट्टही नकोत आणि ढिलेही नकोत, नळी ताठ हवी.

जुना हात चांगला आहे का, हे घरीच कळतं. सुईवर झाकण लावा. अँटिस्केट शून्यावर ठेवून हात हवेत तोलून घ्या. आता हलकी फुंकर मारा. हात अलगद बाजूला जायला हवा, कुठे अडखळला तर सांध्यात मळ किंवा झीज आहे. मग हाताचं टोक दोन बोटांत हलकेच धरून पुढे-मागे करून बघा. खुटखुट जाणवली तर सांधे ढिले झालेत. फक्त अडखळत असेल तर जाणकाराकडून साफ करून घ्या. खुटखुट असेल तर हात बदलायचा विचार करा.

स्वस्तात मस्त टोनआर्मची गोष्ट निघाली की इंग्लंडच्या रेगाचं नाव येतंच. १९८३ मध्ये त्यांनी आरबी३०० काढला, त्याची नळी आणि टोक एकसंध ओतीव अॅल्युमिनियमचं. किंमत आवाक्यातली असल्यामुळे इतर अनेक कंपन्यांनीही आपल्या टर्नटेबलवर रेगाचेच हात बसवले. त्याचा धाकटा भाऊ आरबी२५० जुन्या बाजारात घेऊन, नवी तार आणि चांगलं मागचं वजन लावून वापरणं हा शौकिनांचा जुना मार्ग आहे. पण तुमच्या टर्नटेबलवर त्याचं भोक आणि खुंटीपासूनचं अंतर जुळतं का, हे मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि हात आणि कार्ट्रिज यांची जोडीही जमावी लागते. झोपाळ्यासारखं समजा. जड माणूस आणि मऊ स्प्रिंग असेल तर झोके सावकाश, हलका माणूस आणि कडक स्प्रिंग असेल तर झोके भराभर. हात आणि कार्ट्रिज मिळून सेकंदाला ८ ते १२ झोक्यांच्या दरम्यान असावेत. त्याच्या खाली गेलं की वाकलेली रेकॉर्ड आणि पावलांची धडधड हाताला हलवते, वर गेलं की संगीताच्या खर्जाजवळ पोचतो. हिशेब सोपा आहे. हाताचं प्रभावी वजन, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूचं वजन यांची बेरीज करा, त्याला कार्ट्रिजच्या लवचिकतेने गुणा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. ११ ग्रॅमचा रेगाचा हात, ७.२ ग्रॅमची टूएम रेड, १ ग्रॅमचे स्क्रू आणि लवचिकता २० धरली तर उत्तर ८ येतं. जमलं, पण अगदी काठावर. याहून जड हातावर तेच कार्ट्रिज घेऊ नये, हे या आकड्यावरून कळतं.

अमेरिकेहून टर्नटेबल आणताय?

मुलगा किंवा भाची तिकडे असेल तर हा मोह होतो. जरूर आणा, पण दोन गोष्टी विचारून. एक, तो २३० व्होल्टवर चालतो का. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात: आपली वीज ५० हर्ट्झची, तिकडची ६० ची. जुन्या बेल्टवाल्या टर्नटेबलची मोटर अनेकदा विजेच्या या ठेक्यावरच फिरते. नुसता व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावला तर ३३ १/३ ऐवजी मिनिटाला २७.८ फेऱ्या होतात. काळी पाचमध्ये गाणारी बाई जवळपास पांढरी पाचात गाऊ लागते, तेही पेंगत. त्यासाठी ५० हर्ट्झची पुली लागते. ती मिळणार असेल तरच घ्या. १९७२ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या डायरेक्ट ड्राइव्ह यंत्रांचा वेग विजेच्या ठेक्यावर अवलंबून नसतो, तिथे फक्त व्होल्टेज बघायचं.

पंचवीस हजारांचं गणित

किमती सतत बदलतात, म्हणून हिस्से सांगते.

घरात टेक्निक्स, थोरेन्स, गॅरार्ड, रेगा असा मुळात भक्कम जुना टर्नटेबल असेल तर तो विकू नका. एक तृतीयांश पैसे कार्ट्रिज आणि सुईला. एक पंचमांश फोनोला, लागत असेल तर. थोडे पट्टा, तेल, काटा, कार्बन फायबरचा ब्रश आणि साफसफाईला. उरलेले बाजूला ठेवा. सहा महिने ऐका. तरीही हातच कमी पडतोय असं वाटलं, तर मग टोनआर्म.

तुमच्याकडे मागचं वजन नसलेला, भार बदलता न येणारा पेटीवजा प्लेअर असेल तर त्यात एक रुपयाही घालू नका. त्यात नवा हात बसत नाही आणि चांगली सुई टिकत नाही. तीन चतुर्थांश पैशांत असा टर्नटेबल घ्या, ज्यात भार बदलता येतो, अँटिस्केट आहे आणि कार्ट्रिज स्क्रूने काढता-घालता येतं. या तीन गोष्टी असल्या की दिसायला तो साधा असला तरी चालेल. उरलेल्या पैशांत काटा आणि ब्रश. सुईचा दर्जा पुढच्या दिवाळीला.

आणि हे जमेपर्यंत आईवडिलांच्या आवडीच्या रेकॉर्ड त्या पेटीवर लावू नका. त्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. पावसाळ्यात दमट भिंतीपासून दूर ठेवा, म्हणजे बुरशी धरणार नाही.

मी स्वतः हे सगळं उलट्या क्रमाने शिकले. आधी भारी हात घेतला, मग स्पीकर, आणि सगळ्यांत शेवटी सुई. सुई बदलली तेव्हा कळलं, की बाकीचे पैसे जरा घाईच झाली.

नवी सुई बसवली त्या संध्याकाळी आईची ती माणिक वर्मांची एलपी लावली. वेगळ्या आकाराचं टोक खाचेच्या भिंतीला वेगळ्या उंचीवर टेकतं, म्हणून जुनी पिन जिथे पोचली नव्हती तिथलं थोडं शाबूत असतं. शेवटचं गाणं लागलं. खरखर होतीच, ती आता कधी जाणार नाही. पण तिच्यामागे आवाज स्वच्छ उभा होता. आई पालेभाजी निवडत बसली होती. ती उठली नाही.

चार आण्यांचं नाणं २०११ मध्ये चलनातून गेलं. आमचं त्या रेकॉर्डच्या खोक्यातच पडून आहे. या रविवारी तुम्ही दुसरं काही केलं नाही तरी चालेल. तीन मिनिटं फेऱ्या मोजा आणि सुई किती जुनी आहे, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. किती आकडा आला, ते मला जरूर कळवा.